दुखणे आणि दुखावणे : अतिश्रमाने व अंगस्थितीने होणाऱ्या स्नायुवेदनेचा विचार

१. विषयप्रवेश

‘दुखणे’ आणि ‘दुखावणे’ या दोन क्रियापदांचे मूळ एक असले तरी त्यांचे अर्थ एक नाहीत. ‘गुडघा दुखतो’ असे म्हणणारा मनुष्य आपल्याला होत असलेल्या वेदनेविषयी बोलत असतो. ‘गुडघा दुखावला’ असे म्हणणारा त्या अवयवाला झालेल्या इजेविषयी बोलत असतो. पहिल्या वाक्यात अनुभव आहे, दुसऱ्यात घटना आहे. या दोहोंचा नेहमी मेळ बसतोच असे नाही. खेळाच्या भरात पाय दुखावलेला खेळाडू सामना संपेपर्यंत धावत राहतो आणि मैदानाबाहेर आल्यावर मग त्याचा पाय दुखू लागतो. उलट, दिवसभर मान वाकवून शिवण करणाऱ्या माणसाची मान संध्याकाळी दुखते. पण ती दुखावलेली असतेच असे म्हणता येत नाही.

वैद्यकशास्त्राला हा भेद निःशंकपणे मान्य करण्यास बराच काळ लागला. वेदना हे इजेचे माप होय, जेवढी इजा तेवढी वेदना, अशीच समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. वेदनेच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली वेदनेची व्याख्या प्रसिद्ध केली आणि २०२० साली ती सुधारली. तिच्यानुसार वेदना ही एक अप्रिय संवेदनात्मक व भावनात्मक अनुभूती होय; ती शरीराच्या घटकांना झालेल्या वा होऊ शकणाऱ्या हानीशी निगडित असेल, किंवा तशा हानीच्या वेळी येणाऱ्या अनुभूतीसारखी असेल. या व्याख्येतील ‘सारखी असेल’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. हानी नसतानाही वेदना खरी असू शकते, हे त्यांनी मान्य केले आहे.

अतिश्रमाने किंवा उठण्याबसण्याच्या ढबीमुळे होणारी स्नायुवेदना बहुतांशी ‘दुखणे’ या सदरात मोडते; परंतु रोगी व कित्येकदा चिकित्सकही तिच्याकडे ‘दुखावणे’ म्हणून पाहतात. परिणामी जेथे हालचाल हवी तेथे अंथरूण मिळते आणि जेथे धीर द्यावयाचा तेथे भीती घातली जाते. या वेदनेचे स्वरूप व उपचार यांचा परिचय करून देणे आणि तो करून देताना मराठीतील वेदनावाचक शब्दांची साक्ष कोठवर उपयोगी पडते हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. ‘स्नायू’ या शब्दाविषयी

प्रथम ‘स्नायू’ या शब्दाचाच खुलासा करावयास हवा. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मानवी देहातील ‘स्नायू’ ९०० आणि ‘पेशी’ ५०० सांगितल्या आहेत. तेथे ‘पेशी’ म्हणजे मांसाचा पिंड, अर्थात आज मराठीत ज्याला स्नायू म्हणतात तो. आणि ‘स्नायू’ म्हणजे बांधून ठेवणारे चिवट तंतू व बंध. आधुनिक मराठीने ‘स्नायू’ हा शब्द मांसपिंडासाठी घेतला आणि ‘पेशी’ हा शब्द सजीवाच्या सूक्ष्मतम घटकासाठी वापरला. बंगालीत ‘स्नायु’ म्हणजे मज्जातंतू होय. हिंदीतही तो शब्द त्या अर्थाने आढळतो आणि मांसपिंडाला तेथे ‘पेशी’ अथवा ‘मांसपेशी’ म्हणतात. म्हणजे एकाच शब्दाने सुश्रुताला बंध, मराठी वाचकाला मांस आणि बंगाली वाचकाला मज्जातंतू असा वेगवेगळा बोध होतो. औषधाच्या वेष्टनावरील किंवा आरोग्यपत्रिकेतील हिंदी मजकूर मराठी मनुष्य वाचतो तेव्हा या भेदामुळे घोटाळा होण्याचा संभव असतो.

बोलीत आणखी एक शब्द असाच संदिग्ध आहे, तो म्हणजे ‘शीर’. शिरेतून औषध टोचले जाते तेव्हा ती रक्तवाहिनी असते. कमरेत ‘शीर दबली’ म्हणतात तेव्हा मज्जातंतू अभिप्रेत असतो. आणि ‘शिरेवर शीर चढली’ या प्रयोगात बहुधा स्नायूचा पेटका सांगितलेला असतो. पोटरीत आलेला साधा गोळा ‘शिरेचा’ ठरला, की मज्जातंतूचा विकार जडल्याची धास्ती रोग्याच्या मनात उत्पन्न होते. प्रस्तुत लेखात ‘स्नायू’ हा शब्द केवळ हाडांची हालचाल करणाऱ्या मांसपिंडासाठी योजला आहे. असे ६००हून अधिक स्नायू मानवी शरीरात आहेत.

३. श्रमानंतरचे दुखणे : ‘अंग आंबणे’

सवय नसलेला मनुष्य सिंहगड चढून उतरला, तर त्या दिवशी तो दमतो. पण त्याच्या मांड्या व पोटऱ्या खऱ्या अर्थाने दुखतात त्या दुसऱ्या वा तिसऱ्या दिवशी. तेव्हा त्याला जिना उतरवत नाही आणि पाटावरून उठवत नाही. मराठीत यास ‘अंग आंबणे’ म्हणतात. ‘दमणे’ हे श्रम चालू असतानाचे असते, ‘आंबणे’ हे श्रमानंतरचे असते. पीठ भिजवल्याबरोबर आंबत नाही, त्याला एक रात्र जावी लागते. या क्रियापदात काळाचा हा अवधी अंतर्भूत आहे.

हा अवधी शास्त्रीय प्रयोगांतही दिसून आला. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हॉ यांनी १९०२ साली बोटांच्या स्नायूंवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. थकव्याबरोबर येणारी वेदना व काही तासांनी उद्भवणारी वेदना या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरीचे कारण स्नायूत होणारी सूक्ष्म फाटाफूट हे असावे, असा तर्क त्यांनी मांडला. ही वेदना साधारणपणे १२ ते २४ तासांनी जाणवू लागते, २४ ते ७२ तासांच्या दरम्यान तीव्र होते आणि आठवड्याभरात बहुधा नाहीशी होते.

येथे ‘आंबणे’ या शब्दाचे रूपक मात्र दिशाभूल करू शकते. आंबण्याचा संबंध आम्लाशी आहे. आणि श्रमाने स्नायूत ‘लॅक्टिक आम्ल’ साचते व त्यामुळे अंग दुखते, ही समजूत आजही व्यायामशाळांत ऐकू येते. शब्द आणि समजूत यांचा हा योग केवळ आकस्मिक आहे. श्रम थांबल्यावर रक्तातील लॅक्टेटचे प्रमाण सुमारे तासाभरात पूर्ववत होते. दुसऱ्या दिवशीच्या वेदनेचा दोष त्याच्याकडे जात नाही. शिवाय गड चढताना लॅक्टेट अधिक निर्माण होते, उतरताना कमी. तरीही मांड्या दुखवतो तो मुख्यतः उतार. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू शरीराचा भार आवरण्यासाठी आवळलेला असतो आणि त्याच वेळी ताणलाही जात असतो. आवळलेल्या अवस्थेत ताणले जाणे, हेच या वेदनेचे प्रमुख निमित्त होय. स्वीडनमध्ये १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वारंवार जिने उतरलेल्या व्यक्तींच्या पोटरीच्या स्नायूचे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात आले; तेव्हा तंतूंच्या आंतररचनेत विस्कळीतपणा आढळून आला.

तेव्हा येथे थोडेसे ‘दुखावणे’ आहे हे खरे. परंतु या सूक्ष्म विस्कळीतपणाचे प्रमाण आणि वेदनेची तीव्रता यांचा परस्परमेळ बसत नाही. स्नायूभोवतालच्या आवरणातील संवेदनशील तंतू काही रासायनिक द्रव्यांमुळे हळवे होतात आणि एरवी न जाणवणारा स्पर्श वा ताणही त्यांना जाणवू लागतो, असे आजचे संशोधन सुचवते. शिवाय डागडुजी झालेला स्नायू पुढच्या खेपेस तेवढ्याच श्रमाने तितकासा दुखत नाही. दर रविवारी गड चढणाऱ्याचे अंग आंबत नाही, ते यामुळेच.

४. एका जागी राहण्याचे दुखणे : ‘रग लागणे’ व ‘अवघडणे’

दुसरा प्रकार याच्या अगदी उलट आहे. त्यात मोठे श्रम नसतात; किंबहुना पाहणाऱ्याला श्रमच दिसत नाहीत. भिंतीवर चुना देणाऱ्याचा हात डोक्याच्या वर धरलेला असतो, विडी वळणाऱ्या बाईची मान सुपावर झुकलेली असते, कारकुनाची नजर संगणकाच्या पडद्यावर खिळलेली असते. पहिल्याच्या हाताला ‘रग लागते’, इतर दोघांची मान ‘अवघडते’. रग ही धरून ठेवण्याची वेदना आहे. हात खाली घेतला की ती ओसरते. अवघडणे ही दीर्घकाळ एकाच स्थितीत राहिल्याची अवस्था आहे. उठून चार पावले टाकली की ती सुटते.

याचे कारण असे. आकुंचन पावलेला स्नायू स्वतःमधील बारीक रक्तवाहिन्यांवर दाब आणतो. चालताना आकुंचन व शैथिल्य आळीपाळीने होत असल्यामुळे रक्त खेळते राहते. एका स्थितीत आवळून धरलेल्या स्नायूत मात्र रक्तपुरवठा अपुरा पडतो, चयापचयातील द्रव्ये साचतात आणि वेदनावाहक तंतू उत्तेजित होतात. जर्मन शास्त्रज्ञ वॉल्टर रोमर्ट यांनी १९६० साली स्थिर आकुंचन किती वेळ टिकवता येते याचे मापन प्रसिद्ध केले. कमाल शक्तीच्या सुमारे १५ टक्क्यांपेक्षा कमी जोर लावला असता स्नायू जवळजवळ अमर्याद काळ थकत नाही, असा निष्कर्ष त्यावरून काढण्यात आला. पुढील संशोधनाने ही आशा फोल ठरवली. अगदी अल्प जोरही तासन्‌तास चालू राहिला तर थकवा व वेदना उत्पन्न होतात.

इतक्या अल्प श्रमाने वेदना का व्हावी, या प्रश्नाची एक उद्बोधक उपपत्ती मांडली गेली आहे. स्नायूतील सर्व तंतू एकदम कामाला लागत नाहीत. आधी लहान मज्जापेशींच्या अधीन असलेले तंतू कामास लागतात व जोर वाढेल तसे मोठे त्यांच्या मदतीला येतात, हा क्रम अमेरिकन शास्त्रज्ञ एल्वूड हेनेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली दाखवून दिला. काम संपताना मोठे आधी सुटतात, लहान सर्वांत शेवटी. यावरून स्वीडिश संशोधक गोरान हेग यांनी १९९१ साली असे सुचवले की, हलक्या पण अखंड कामात हेच थोडे तंतू दिवसभर राबतात आणि त्यांची हानी होते. या उपपत्तीला त्यांनी युरोपीय परीकथेतील सिंड्रेलाचे नाव दिले. मराठी वाचकास त्यासाठी दूर जावयास नको. सर्वांच्या आधी उठणारी आणि सर्वांच्या मागून निजणारी सासुरवाशीण त्याच्या ओव्यांत व लोककथांत आहेच. ही उपपत्ती सर्वस्वी सिद्ध झालेली नाही. पण काम हलके असल्याने वेदना खोटी ठरत नाही, हे तिने पटवून दिले.

अंगस्थितीविषयीचा एक सार्वत्रिक गैरसमज येथे दूर करणे अगत्याचे आहे. ताठ बसणे हे निर्दोष आणि वाकून बसणे हे सदोष, अशी शिकवण शाळेपासून मिळते. परंतु बसण्याची अमुक एक ढब असणाऱ्यांची पाठ दुखते व अमुक असणाऱ्यांची दुखत नाही, असा स्पष्ट संबंध संशोधनात दिसून आलेला नाही. ताठ बसलेला मनुष्यही तीन तास तसाच बसून राहिला तर अवघडतो. ‘अवघडणे’ या क्रियापदाने दोष दिला आहे तो आकृतीला नव्हे, कालावधीला. एकच स्थिती फार वेळ, हे मूळ कारण होय. ती स्थिती सरळ की वाकडी, हा प्रश्न दुय्यम आहे. मान जितकी पुढे झुकेल तितका मस्तकाचा ४ ते ५ किलोग्रॅमचा भार मानेच्या मागील स्नायूंना अधिक जोराने पेलावा लागतो, हे खरे आहे. त्यामुळे झुकलेल्या मानेला अवघडण्यास वेळ कमी लागतो, इतकेच.

५. अचानक येणारे दुखणे : ‘उसण’, ‘चमक’, ‘लचक’

तिसरा प्रकार अवचित येतो. खाली पडलेली वस्तू उचलावयास वाकावे आणि कमरेत उसण भरावी, हा अनुभव सर्वपरिचित आहे. येथील क्रियापद लक्षणीय आहे. उसण भरते, चमक भरते, लचक भरते. तसेच हुडहुडी भरते, कापरे भरते, धडकी भरते. या सर्व प्रयोगांत मनुष्य कर्ता नसतो. बाहेरून काहीतरी येऊन त्याच्या देहात शिरते, अशी कल्पना त्यांच्या मुळाशी दिसते. ‘पाठ धरली’, ‘मान जखडली’ हे प्रयोगही त्याच जातीचे आहेत.

धरणारा कोण, याचे उत्तर शरीरक्रियाशास्त्र असे देते की, धरणारे स्नायू स्वतःच होत. एखाद्या भागाला धोका संभवतो असे मज्जासंस्थेने मानले की भोवतालचे स्नायू आवळले जातात व हालचाल रोखली जाते. हे संरक्षण होय. परंतु रोग्याला मात्र वाटते की काहीतरी ‘सरकले’ किंवा ‘निसटले’. मग ते जागेवर बसवून घेण्यासाठी तो पाठ चोळणाऱ्याकडे वा हाड बसवणाऱ्याकडे धाव घेतो. अशा बहुसंख्य प्रसंगी काहीही सरकलेले नसते आणि वेदना काही दिवसांत ते काही आठवड्यांत उतरते.

मणक्यांची चित्रे काढली असता दोष दिसतात, ही गोष्ट येथे पुरावा म्हणून पुढे केली जाते. तिचे मर्म १९९४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासावरून ध्यानात येते. कंबर न दुखणाऱ्या ९८ व्यक्तींच्या कण्याची चुंबकीय चित्रे तज्ज्ञांनी तपासली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक व्यक्तींच्या मणक्यांमधील एखादी तरी चकती फुगलेली आढळली. येथे ‘दुखावणे’ चित्रात दिसते, पण ‘दुखणे’ नाही.

वेदनेची जागा हीदेखील इजेची जागा असेलच असे नाही. इंग्लंडमध्ये जोनास केल्ग्रेन यांनी १९३८ साली निरोगी व्यक्तींच्या स्नायूंत तीव्र मिठाचे पाणी टोचून असे दाखवले की, वेदना टोचलेल्या ठिकाणापासून दूरही जाणवते. खांद्याच्या स्नायूचे दुखणे डोक्यात किंवा दंडात उमटते ते यामुळे. खांद्यात हाताला लागणाऱ्या ज्या गाठींविषयी लोक बोलतात, त्यांवर अमेरिकन वैद्य जेनेट ट्रॅव्हेल यांनी पुष्कळ लेखन केले. अशा जागा दाबल्या असता दुखतात हे निर्विवाद आहे. त्यांचे स्वरूप काय, याविषयी मात्र अद्याप एकमत नाही.

६. रोग्याचे शब्द व चिकित्सकाची नोंद

भाताची लावणी आटोपून आलेली एखादी बाई दवाखान्यात म्हणते की, “कंबर धरलीय, आन्‌ पायाला मुंग्या येत्यात.” नोंदीच्या कागदावर त्याचे ‘अंगदुखी’ होते. वास्तविक तिने दोन भिन्न गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली स्नायूंची आहे. दुसरी, म्हणजे मुंग्या, मज्जातंतूकडे बोट दाखवणारी आहे. ‘अंगदुखी’ या एका शब्दात दोन्ही बुडाल्या आणि तिला वेदनाशामक गोळी मिळाली.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी वॉरेन टॉर्गरसन यांच्यासह १९७१ साली इंग्रजीतील १०२ वेदनावाचक शब्दांचे वर्गीकरण केले. त्यावरून १९७५ साली ७८ शब्दांची २० गटांत विभागलेली प्रश्नावली तयार झाली व ती चिकित्सेत सर्वत्र मान्यता पावली. त्या शब्दांची अन्य भाषांत नुसती भाषांतरे करून भागत नाही. इंग्रजी शब्दांचा भर वेदनेच्या गुणांवर, म्हणजे ती टोचते की जळते यावर आहे. मराठीतही ठणकणे, सलणे, ठुसठुसणे असे गुणवाचक शब्द आहेतच; पण स्नायूंच्या बाबतीत तिची अनेक क्रियापदे वेदना कशी आहे यापेक्षा ती कशी आली हे सांगतात. आंबणे श्रमानंतरचे, अवघडणे स्थिरतेचे, रग लागणे धरून ठेवण्याचे, उसण भरणे आकस्मिक, वळणे वा गोळा येणे पेटक्याचे. चिकित्सकाला जे प्रश्न विचारावयाचे असतात, म्हणजे कधी सुरू झाले, कशाने वाढते, कशाने ओसरते, त्यांची अर्धी उत्तरे या क्रियापदांत असतात. अर्थात शब्द म्हणजे निदान नव्हे. प्रदेशाप्रदेशाने त्यांचे अर्थ बदलतात आणि ‘आंबणे’प्रमाणे त्यांची रूपके चुकीच्या कारणाकडेही नेतात. शब्दाने दिशा समजते. तपासणी तरीही करावीच लागते.

७. उपचार

अंग आंबल्यास विशेष उपचार लागत नाही. पूर्ण विश्रांतीपेक्षा हलके चालणे बरे. गरम पाण्याचा शेक व हलक्या हाताने चोळणे यांनी तात्पुरता आराम पडतो. व्यायामापूर्वी किंवा नंतर स्नायू ताणल्याने ही वेदना टळते हा समज मात्र टिकत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर समालोचनात त्याचा लाभ नगण्य आढळला. खरा उपाय म्हणजे श्रम क्रमाने वाढवणे. मात्र अतिश्रमानंतर स्नायू फार सुजले व लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली, तर त्वरित रुग्णालय गाठावे. स्नायूंची मोठी हानी होऊन मूत्रपिंडांवर ताण आल्याचे ते लक्षण असते.

अवघडण्यावर दोन उपाय आहेत. एक, अर्ध्या तासाहून अधिक काळ एका स्थितीत न राहणे. पाणी पिण्यास उठावे, उभे राहून बोलावे, हाताचे काम बदलावे. दुसरा, दुखणाऱ्या स्नायूंना बळकटी आणणे. डेन्मार्कमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मान व खांदे दुखणाऱ्या प्रौढांनी रबरी पट्टा ताणून खांद्यांचा व्यायाम केला. काहींनी दररोज २ मिनिटे, काहींनी १२ मिनिटे. दहा आठवड्यांनी दोन्ही गटांतील वेदना कमी झाली. जो स्नायू दुखतो त्यालाच काम द्यावे, ही गोष्ट विपरीत वाटते. पण तो दुखावलेला नसून दुबळा व थकलेला आहे हे ध्यानात घेतले की तिची संगती लागते.

उसण भरल्यास पूर्वी आठवडाभर अंथरुणावर पडून राहण्यास सांगत. रिचर्ड डेयो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही रोग्यांना दोन दिवस व काहींना सात दिवस विश्रांती सांगण्यात आली. दोन्ही गट सारखेच बरे झाले. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस मात्र कमी बुडाले. सोसेल तितकी हालचाल चालू ठेवावी, हाच आजचा सल्ला आहे. आयबुप्रोफेनसारखी औषधे थोडे दिवस, वैद्याच्या सल्ल्याने घ्यावीत. जठर, मूत्रपिंडे व रक्तदाब यांवर त्यांचे दुष्परिणाम होतात.

काही लक्षणे मात्र स्नायुवेदनेच्या सदरात घालून चालणार नाहीत. हातापायांत मुंग्या, बधिरता वा वाढती अशक्तता, लघवी किंवा शौच यांवरील ताबा सुटणे, जांघेत बधिरता, ताप, अकारण वजन घटणे, विश्रांतीतही न थांबणारी रात्रीची वेदना, पडल्यानंतरची वेदना, छातीत दाटून घाम येणे व डाव्या हातात कळ जाणे. यांपैकी एकही दिसल्यास विलंब न लावता वैद्याकडे जावे. कोलेस्टेरॉल कमी करणारी काही औषधे व गलग्रंथीचे विकार यांनीही स्नायू दुखतात, हेही चिकित्सकाने विचारात घ्यावे.

८. काम आणि हत्यार

वरील उपचारांना एक मर्यादा आहे. ‘अर्ध्या तासाने उठावे’ हा सल्ला कारकुनाला देता येतो. विड्यांच्या संख्येवर मजुरी मिळणाऱ्या बाईला किंवा ऊसतोडीच्या फडावरील मजुराला तो कसा द्यावा? इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी कारागिरांच्या रोगांवर १७०० साली ग्रंथ लिहिला व १७१३ साली तो वाढवला. लेखनिकांच्या व्याधींची कारणे त्यांनी सतत बसणे, हाताची अखंड एकसारखी हालचाल आणि मनावरील ताण अशी तीन सांगितली. रोग्याला त्याचा व्यवसाय विचारावा, असा त्यांचा आग्रह होता. तो व्यवसाय बदलणे रोग्याच्या हाती नसेल, तर हत्यार वा कामाची रीत बदलता येते काय, हा पुढचा प्रश्न होय.

त्याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. कॅलिफोर्नियातील शेतमजूर आखूड दांड्याच्या कुदळीने दिवसभर ओणवे राहून पिकाची विरळणी करीत. त्यांच्या पाठीच्या व्याधींविषयी वैद्यकीय साक्षी झाल्या आणि १९७५ साली त्या राज्यात हे हत्यार बंद झाले. मजुरांना ‘ताठ उभे राहा’ असे सांगण्याचा तेथे उपयोग नव्हता. दांडा लांब झाल्यावरच त्यांना ताठ उभे राहता आले. महाराष्ट्रातील खुरपणी व लावणी, भिवंडी-इचलकरंजीचे यंत्रमाग, सोलापूरचे विडीकाम यांकडे याच दृष्टीने पाहावयास हवे. ज्याला अंगस्थितीचा दोष म्हटले जाते तो कित्येकदा दांड्याच्या लांबीचा, मेजाच्या उंचीचा किंवा मजुरीच्या पद्धतीचा दोष असतो.

मराठीत ‘दुखणे’ हे नामही आहे. त्याचा अर्थ आजार. ‘दुखणे अंगावर काढणे’ म्हणजे उपचारावाचून ते सोसत राहणे. कष्टकऱ्यांची स्नायुवेदना बहुधा अशीच अंगावर काढली जाते आणि खाऊनपिऊन सुखी असलेल्यांची बहुधा अंथरुणावर. दोन्ही मार्ग सारखेच अहितकारक होत. दुखते म्हणून दुखावले असे मानून हालचाल सोडू नये; आणि दुखावलेले नाही म्हणून दुखते त्याकडे दुर्लक्षही करू नये. हा विवेक रोग्याने, चिकित्सकाने आणि काम करवून घेणाऱ्याने, तिघांनीही बाळगावयाचा आहे.